कऱ्हाकाठची केका

हिंदू धर्माची मूलतत्त्वे कोणती, असे कोणी विचारले की आपण गोंधळतो. ह्या धर्माला एक संस्थापक नाही, एकच ग्रंथ नाही. घरातली आजी मात्र गोंधळत नाही. 'करावे तसे भरावे' असे ती नातवाला बजावते आणि लगेच देवापुढे हात जोडून 'बाबा, लेकरांना सांभाळ' म्हणते. पहिला झाला कर्मसिद्धान्त: जीव जन्मामागून जन्म घेतो, केल्याचे फळ भोगतो, आणि त्या फेऱ्यातून सुटणे म्हणजे मोक्ष. दुसरी झाली भक्ती. पण ज्याचे त्याला भोगायचेच आहे, तर देवाने सांभाळायचे कसे?

ह्या पेचावर पंडितांनी ग्रंथ लिहिले. बारामतीच्या एका पुराणिकाने मात्र सरळ देवालाच गाठले. मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळ्यास जन्मले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस आले आणि १७९४ साली तिथेच निवर्तले. ओठाला ओठ न लावता वाचता येईल असे 'निरोष्ठ रामायण' रचणारा हा शब्दप्रभू! (शाळकरी पोरे त्यांच्या आर्यांना भिऊन असत, ती गोष्ट निराळी.) पण 'केकावली'त हे पांडित्य हात जोडून उभे राहते. केका म्हणजे मोराची हाक. मोर म्हणजे स्वतः पंत, आणि मेघ म्हणजे परमेश्वर. पंत आपले दोष लपवीत नाहीत. उलट ते कबूल करून देवाशीच हुज्जत घालतात: पतितांना तारणारा म्हणवतोस, मग मलाच कसा वगळतोस? कर्माचा नियम त्यांनी खोटा ठरवलेला नाही. हिशेब पाहणारा दयाळू आहे, एवढाच त्यांचा भरवसा.

पंतांपाशी संस्कृत होते. ज्याच्यापाशी अक्षरही नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी तुकोबांची पालखी ह्याच मुलुखातून पंढरीस जाते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला, असे परंपरा सांगते. काटेवाडीस परीट धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात. बेलवाडीस अश्वाचे रिंगण होते. सराटीस पादुकांना नीरास्नान घडते. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, कारण देव सर्वांभूती आहे. अद्वैताचा ह्याहून सोपा धडा मला ठाऊक नाही. वारीहून परतल्यावर गावच्या वेशीत तो किती टिकला, हे मात्र ज्याने त्याने आपल्या गावापुरते तपासावे.

इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. तिथली मूर्ती वाळूची, आणि ती प्रल्हादाने घडवली अशी श्रद्धा. प्रल्हाद हा असुराचा मुलगा. खांबातून देव प्रकटला तेव्हा बापाला केल्याचे फळ मिळाले आणि त्याच क्षणी मुलाला अभय मिळाले. आजीची दोन्ही वाक्ये त्या एकाच खांबात होती. त्या वाळूच्या मूर्तीभोवती पुढे पेशवाईत विंचूरकरांनी दगडी मंदिर उभारले. आजही कितीतरी मराठी घरांचे ते कुलदैवत आहे.