नझूल भाडेपट्टा

नझूल भाडेपट्टा : नगरहद्दीतील शासकीय जागा अधिमूल्य व वार्षिक भूभाटक घेऊन ठराविक मुदतीसाठी, बहुधा ३० वर्षांकरिता, बांधकामास देण्याची विदर्भातील पद्धती. वारसाअभावी, जप्तीने किंवा राज्यबदलामुळे सरकारजमा झालेल्या जागेस ‘नझूल’ म्हणतात. या पट्ट्याने घर पट्टेदाराचे होते. जमीन मात्र शासनाचीच राहते. मुदत संपल्यावर या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा या पद्धतीतील मूळ प्रश्न होय.

तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यानंतर डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला व पुढील जमाबंदीत खेड्यांचे मालकी हक्क मालगुजारांना देण्यात आले. नगरांतील सरकारी जागा मात्र शासनाकडे राहिल्या. कन्हान नदीकाठचे खापा (सध्याचा सावनेर तालुका) हे हातमागाच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तेथे १८६७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. अशा गावी घर राहण्याचे ठिकाण असते, तसेच मागाची जागाही असते. त्यामुळे घराखालची जमीन मालगुजारी आबादीतील की नझूल, या भेदाला तेथे विशेष महत्त्व येते. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तेव्हा आबादीतील घरांखालच्या जागा राहणाऱ्यांकडेच कायम ठेवण्याची तरतूद झाली. नझूल जागांवरील पट्टे मात्र पूर्ववत् चालू राहिले.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम (१८८२) यानुसार पट्टा संपल्यावरही ताबा असेतोवर पट्टेदारास स्वतः उभारलेले बांधकाम काढून नेता येते. पक्क्या घराच्या बाबतीत या हक्काचा व्यावहारिक उपयोग थोडाच. शिवाय शासनाने दिलेल्या पट्ट्यांना १८९५ च्या कायद्याने दीर्घकाळ या अधिनियमातून वगळले होते. त्यामुळे पट्ट्यातील शर्ती निर्णायक ठरत. नूतनीकरणाचे कलम, भूभाटकाची फेरआकारणी, पूर्वपरवानगीशिवाय विक्री न करण्याची अट आणि शर्तभंगाबद्दलचा दंड या त्यांतील प्रमुख बाबी होत. मुदत संपूनही कुटुंब घरात राहते, कर भरते व दुरुस्ती करते. परंतु आखीव पत्रिकेत पट्ट्याचे नूतनीकरण नोंदलेले नसल्यास विक्री, कर्ज, वारसांतील वाटणी आणि पुनर्बांधणी ही कामे अडतात.

बहुमजली इमारतींमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. १९३६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासानेही आपले भूखंड मुख्यतः ३० वर्षांच्या नूतनीकरणक्षम पट्ट्याने दिले. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमाने (१९७०) पट्ट्याच्या जमिनीवरील इमारतींनाही सदनिका-मालकीची पद्धती खुली केली. तथापि सर्व सदनिकांखाली जमिनीचा पट्टा सामान्यतः एकच असतो. म्हणून एकट्या सदनिकाधारकास मुदतवाढ मिळवता येत नाही. ती संस्थेने किंवा सर्व धारकांनी मिळूनच घ्यावी लागते. एकाची थकबाकी वा शर्तभंग सर्वांना बाधक ठरू शकतो. इंग्लंडमध्ये याउलट प्रत्येक सदनिकेचा पट्टा स्वतंत्र असतो. तेथील १९९३ च्या कायद्याने पात्र पट्टेदारास मोबदला देऊन ९० वर्षांची वाढ मागण्याचा हक्क दिला आणि २०२४ च्या कायद्यात ९९० वर्षांची तरतूद करण्यात आली.

महाराष्ट्रातील धोरणाचा कल मुदतवाढीकडून मालकीकडे झुकला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) शासकीय जमिनींच्या पट्ट्यांस एकत्रित आधार दिला. २०१९ मध्ये नागपूर व अमरावती विभागांतील नझूल जमिनी अधिमूल्य घेऊन भोगवटादार वर्ग–१ मध्ये, म्हणजे निर्बंधमुक्त धारणेत, रूपांतरित करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. २०२४ मध्ये निवासी जागांसाठी विशेष अभय योजनाही जाहीर झाली. रूपांतरणाने वारंवार नूतनीकरणाची गरज उरत नाही. परंतु अधिमूल्याची रक्कम एकदम भरावी लागते. सार्वजनिक जमिनीचे मूल्य शासनाने सोडू नये आणि पिढ्यान्पिढ्या वसलेल्या कुटुंबाचे घर केवळ मुदत संपली म्हणून अनिश्चित होऊ नये, या दोन रास्त अपेक्षांचा तोल साधणे हे या धोरणापुढील खरे काम आहे. लहान नगरांतील अल्प उत्पन्नाच्या पट्टेदारास अधिमूल्य कितपत पेलते, यावर त्याचे यश अवलंबून राहील.