बडोद्याचा मध्यमवर्ग

मध्यमवर्ग इंग्रजी शाळेने घडविला, हे विधान आमच्याकडे इतक्या सहजपणे केले जाते की त्याची उलटतपासणी घेण्याचे कोणी मनावर घेत नाही. बडोदे संस्थानास साक्षीस बोलाविले, तर मात्र ते टिकणे कठीण.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे सयाजीराव गायकवाड 1875 मध्ये गादीवर आले. 1881 मध्ये कारभार त्यांच्या हाती आला. 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला व 1906 मध्ये तो सर्व संस्थानास लागू झाला. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांचे याच आशयाचे विधेयक 1912 मध्ये फेटाळले गेले, हे ध्यानी घेतले म्हणजे या कायद्याचे मोल कळते.

पण अक्षरओळख झालेल्या मुलाने पुढे करावे काय? कचेरीतील जागा मोजक्याच. याचे उत्तर 1890 मध्ये निघालेल्या कलाभवनात होते. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. रंगकाम, यंत्रविद्या, विणकाम हे विषय देशी भाषेतून शिकवावेत, असा त्यांचा आग्रह. (चाफेकर बंधूंनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास फासलेले डांबर पुढे याच गज्जरांनी काढून दिले; विद्या कोणाच्या कामी येईल याचा नेम नसतो!) दादासाहेब फाळके कलाभवनाचेच विद्यार्थी. गज्जर, कोटिभास्कर व अमीन यांच्या उद्योगातून 1907 मध्ये अलेंबिकचा कारखाना उभा राहिला.

हुन्नर असून भांडवल नसेल तर माणूस सावकाराच्या ओसरीवरच बसून राहतो. म्हणून 1908 मध्ये दहा लाखांच्या भांडवलावर निघालेल्या बँक ऑफ बडोदाला आम्ही शाळेइतकेच महत्त्व देतो. 1913 पासून देशी पेढ्या धडाधड बुडाल्या, लाहोरची पीपल्स बँकही गेली, बडोद्याची टिकली.

आमच्या देवस्थानाशी बांधलेल्या वाचकांस आणखी एक कायदा आठवावा असा आहे: 1915 चा पुरोहित कायदा. पौरोहित्य करणाराने परीक्षा द्यावी, हा त्याचा गाभा. भटजीबुवांस तो रुचला नसेल, तरी वंशपरंपरागत वृत्तीचा परीक्षेवर उभा व्यवसाय करण्याचाच तो यत्न होता आणि तो आम्हांस योग्य वाटतो.

एवढी दारे उघडी असता आमच्या मराठी घराण्यांपैकी बहुतेकांनी दरबारची नोकरीच धरली, हे मात्र नमूद केले पाहिजे. पगार ठरलेला, निवृत्तिवेतन निश्चित. कारखान्याची जोखीम घ्यावी कोणी? कोटिभास्करांसारखे विरळाच. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा या घरांचा आश्रय एका फटक्यात गेला. कलाभवन त्याच वर्षी निघालेल्या विद्यापीठात सामावले, आणि बँक 1969 मध्ये राष्ट्राची झाली, ती आजही चालू आहे.