वीस दिवसांची मुदत : गासच्या चर्चचे संत आणि जपानचा हुकूम

१/ वसई तालुक्यातील गास गावचे चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. १५५७च्या सुमारास वसईत जन्मलेल्या या संतांना १५९७ मध्ये जपानच्या नागासाकीत क्रुसावर चढवण्यात आले. ही कथा श्रद्धेची आहे, तशीच ती परकीयांविषयीच्या एका कायद्याचीही आहे.

२/ २४ जुलै १५८७. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने फर्मान काढले : परदेशी धर्मगुरूंनी वीस दिवसांत देश सोडावा. व्यापाऱ्यांना मात्र ये-जा करण्याची मुभा राहिली. पोर्तुगीज जहाजांतले चिनी रेशीम जपानला हवे होते. त्याच जहाजांतून येणारा धर्म नको होता.

३/ बहुतेक जेझुइट धर्मगुरूंनी देश सोडला नाही, पण हुकुमाला उघड आव्हानही दिले नाही. जाहीर प्रवचने थांबली, वेश बदलले गेले, ख्रिस्ती सरदारांच्या आश्रयाने काम चालू राहिले. हिदेयोशीनेही तिकडे कानाडोळा केला.

४/ गोन्सालो किशोरवयातच जेझुइटांसोबत जपानला गेले होते आणि तिथली भाषा शिकले होते. त्या संघात प्रवेश न मिळाल्याने ते व्यापारात शिरले व पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून जपानला आले, तेव्हा गोन्सालो त्यांचे दुभाषी होते. धर्मगुरूंना बंद असलेले दार राजदूतांना उघडे होते.

५/ हिदेयोशीने त्यांना क्योतोत राहू दिले. फ्रान्सिस्कनांनी तिथे संघाचा झगा अंगावर ठेवूनच उघडपणे काम केले. चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली. हे धाडस सर्वांच्याच मुळावर येईल, अशी भीती जेझुइटांना वाटत होती.

६/ ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज जपानी किनाऱ्यावर फुटले. माल जप्त झाला. स्पेन आधी मिशनरी पाठवतो आणि मागून सैन्य, असे जहाजाचा सुकाणूधारी बोलल्याचे सांगितले जाते. दोष कोणाचा, यावर दोन्ही संघांत पुढे दीर्घकाळ वाद चालला.

७/ सव्वीस जण पकडले गेले : सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा सामान्य ख्रिस्ती. क्योतोत त्यांचे कान कापून त्यांना भर हिवाळ्यात नागासाकीकडे नेण्यात आले. दूत म्हणवून आले आणि मनाई असलेला धर्म शिकवत राहिले, असा ठपका शिक्षेच्या फलकावर होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी शिक्षा अमलात आली.

८/ हुकूम जवळजवळ दहा वर्षे निजला होता, पण रद्द झाला नव्हता. उघडपणे वागणारे आणि जपून राहणारे, दोघेही सत्ताधीशाच्या मर्जीवर जगत होते. मर्जी फिरली तेव्हा जपून राहिलेल्या संघाचेही तिघे क्रुसावर गेले.

९/ ८ जून १८६२ रोजी रोमने या सव्वीस जणांना संतपद दिले. जपानमधील ख्रिस्ती धर्मावरची बंदी तेव्हाही कायम होती. ती उठायला १८७३ साल उजाडले.