चाचणी कोणाची, मदत कोणाला? शिक्षक संघटनांच्या मागण्या आणि आपल्या मुलांची शाळा

५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यभरातील शिक्षक संघटनांनी शाळा बंद ठेवून जिल्हाधिकारी कार्यालयांवर मोर्चे काढले. त्या दिवसाचा पगार कापण्याचा इशारा शासनाने दिला होता. मागण्यांत टीईटी होती, संचमान्यता होती, जुनी पेन्शन होती आणि ऑनलाइन कामांचा बोजाही होता. या आंदोलनावर वस्त्यांमध्ये दोन मते ऐकू येतात. पहिले, मास्तरांना परीक्षा नको, फक्त पगार हवा. दुसरे, सरकारला जिल्हा परिषदेच्या शाळा बंदच करायच्या आहेत. दोन्ही मते अर्धवट माहितीवर उभी आहेत. पंढरपूर परिसरात पालकांसोबत काम करताना आम्हाला जे प्रश्न सतत विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

चार परीक्षा, चार वेगळे हेतू

सगळ्या परीक्षा एकाच मापाने मोजल्या की चर्चा भरकटते. म्हणून आधी फरक समजून घ्यावा.

परख राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले. त्याआधीचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ ला झाले होते. ही नमुना पाहणी असते. तिच्यावरून जिल्ह्याचे चित्र कळते. एखाद्या गावची शाळा चांगली की वाईट, हे ठरवता येत नाही.

नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे पॅट, जागतिक बँकेच्या मदतीच्या ‘स्टार्स’ प्रकल्पातून २०२३-२४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती तिसरी ते आठवीसाठी होती. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या वर्षातून तीन चाचण्या: एक पायाभूत आणि दोन संकलित. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच, आणि गुण शिक्षकाने ऑनलाइन भरायचे.

पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा ही तिसरी गोष्ट. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ती लागू केली. मूल नापास झाले तर पुनर्परीक्षा होते, आणि तिच्यातही नापास झाले तर ते त्याच वर्गात राहते.

चौथी टीईटी. ही मुलांची नव्हे, शिक्षकांची परीक्षा आहे. १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के गुण लागतात.

टीईटीचा निकाल काय सांगतो

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, नाहीतर सेवा संपेल. पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे.

संघटनांचे म्हणणे असे की टीईटीची अट राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने आली. त्याआधी डी.एड. करून, तेव्हाचे सर्व नियम पाळून लागलेल्या माणसाला वीस वर्षांनी अपात्र ठरवणे अन्यायाचे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे.

पण दुसरी बाजूही आपल्याच घरात आहे. डी.एड. आणि टीईटी उत्तीर्ण होऊन पवित्र पोर्टलवरच्या भरतीची वाट पाहणारी कितीतरी मुले-मुली आपल्या समाजात आहेत. ‘टीईटी रद्द करा’ ही घोषणा त्यांच्या कानाला वेगळी लागते. जुन्या शिक्षकांना संरक्षण मागताना रिक्त जागा तातडीने भरण्याची मागणी त्याच निवेदनात, तितक्याच ठळकपणे असली पाहिजे. तसे झाले नाही तर शिक्षक आणि बेरोजगार तरुण एकमेकांसमोर उभे राहतील आणि जागा रिकाम्याच राहतील.

मुलांच्या चाचण्यांत कोण सुटते

चाचण्या, गुणनोंद, ॲप आणि अहवाल यांतच दिवस जातो, शिकवायचे कधी, असा शिक्षकांचा सवाल आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे. गुण भरणे हे काम शैक्षणिक म्हणून गणले जाते, त्यामुळे या कलमाचा आधार मिळत नाही. वेळ मात्र वर्गाचाच जातो.

आमचा मुद्दा त्यापुढचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात बाहेरून ऊसतोड कुटुंबे येतात आणि कोप्यांमध्ये राहतात, तर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून कुटुंबे बाहेर जातात. मूल पायाभूत चाचणी एका गावात देते आणि पुढच्या चाचणीच्या वेळी फडावर असते. शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, पण कार्ड हातात असले तरी त्या मुलाला नव्या शाळेत बसवून मागचा धडा शिकवणारा शिक्षक लागतोच. पंढरपुरात वारीच्या दिवसांत प्रासादिक वस्तूंच्या दुकानांवर आईबापांना हातभार लावणारी मुलेही आहेत. अशा मुलाचे कमी गुण ही त्याच्या बुद्धीची नोंद नसते, तर हुकलेल्या दिवसांची असते. पाचवीत नापास होऊन मागे राहण्याचा धोका सर्वांत आधी त्यालाच.

शिक्षकच नसेल तर

१५ मार्च २०२४ च्या संचमान्यता निर्णयाला संघटनांचा सर्वांत तीव्र विरोध आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत २० पेक्षा कमी पट असेल तर तेथे शिक्षकाचे पदच मंजूर न होण्याची वेळ या निकषांनी आणली. याच प्रश्नावर आणि कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या निर्णयावर २५ सप्टेंबर २०२४ रोजी शिक्षकांनी सामूहिक रजा काढली होती.

कायद्याची अनुसूची मात्र सांगते की सहावी ते आठवीसाठी दर वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा शिकवणारे हवेत. पहिली ते पाचवीत ६० पर्यंत पट असला तरी दोन शिक्षक हवेत. आठवीला परीक्षा घेऊन नापास करायचे आणि गणिताचा शिक्षक काढून घ्यायचा, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. संघटनांची ही मागणी आपल्या मुलांची मागणी आहे.

प्राथमिक शिक्षक रस्त्यावर का येतात

विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार असतात. सोलापूर जिल्हा पुणे विभागात येतो. परंतु घटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार माध्यमिक स्तराखालील शाळांतल्या शिक्षकांना या मतदारसंघात मत नाही. जिल्हा परिषद शाळेतल्या प्राथमिक गुरुजी-बाईंना म्हणून मोर्चा हाच मोठा आधार उरतो.

आपण काय करावे

महात्मा फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, आणि त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा असेही मांडले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी शिक्षण सर्वांच्या आवाक्यात असावे, खालच्या वर्गांसाठी ते शक्य तितके स्वस्त असावे, अशी बाजू मांडली. आपल्या परंपरेत मुलाचा हक्क आणि शिक्षकाचा मान हे एकाच मागणीचे भाग आहेत.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत जावे. कलम २१ नुसार तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व असते. तेथे चार प्रश्न विचारावेत:

१. मंजूर पदे किती आणि भरलेली किती?
२. मागच्या चाचणीत मागे पडलेल्या मुलांसाठी कोणते वर्ग, कोण आणि कधी घेणार?
३. स्थलांतरित मुलांची शिक्षण हमी कार्डे दिली का?
४. पाचवी-आठवीच्या पुनर्परीक्षेआधी मुलांची तयारी कोण करून घेणार?

उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि शाळा विकास आराखड्यात त्यांचा समावेश करून घ्यावा. शिक्षक संघटना निवेदन घेऊन येतील तेव्हा त्यांच्यासमोरही हीच यादी ठेवावी. जी संघटना या प्रश्नांवर पालकांसोबत उभी राहील, तिच्या मोर्चात आपण झेंडा घेऊन चालावे.