कचरा नेणारा पैसे देत होता तेव्हा : लंडनच्या राखेचा इतिहास

१/ घरातली अडगळ उचलून नेणाऱ्याला आज आपण पैसे देतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये व्यवहार उलटा होता. घरोघरचा कचरा नेण्याच्या हक्कासाठी ठेकेदारच पैसे मोजत असे. पैशाची ही दिशा का पालटली आणि त्यानंतर काय घडले, हे या थ्रेडमध्ये पाहू. शेवटी आपण आपल्या दारातल्या बोहारणीपर्यंत येणार आहोत.

२/ लंडनच्या घरांत चुली आणि शेगड्या दगडी कोळशावर चालत. त्यामुळे घरगुती कचऱ्यात सर्वाधिक भरणा राखेचा आणि अर्धवट जळलेल्या कोळशाचा असे. या राखेला ‘डस्ट’ म्हणत आणि ती नेणाऱ्याला ‘डस्टमन’. तो घंटा वाजवीत, ‘डस्ट-ओ’ अशी आरोळी देत गल्लीत येई.

३/ गोळा केलेली राख मोठ्या आवारांत साठवली जाई. तेथे प्रामुख्याने स्त्रिया, गुडघ्यापर्यंत राखेत उभ्या राहून, ती चाळणीने चाळत. जाड भाग वीटभट्टीत जळण म्हणून जाई, बारीक राख विटांच्या मातीत मिसळली जाई. चिंध्या कागदासाठी, हाडे खतासाठी, फुटकी भांडी रस्त्याच्या भरावासाठी. टाकून द्यावे असे फारच थोडे उरे.

४/ लंडनचे स्थानिक प्रशासन तेव्हा ‘पॅरिश’ या छोट्या विभागांकडे होते. वाढत्या शहराला विटा हव्या होत्या, म्हणून राखेला भाव होता आणि ठेकेदार पॅरिशला रक्कम देत. राखेचे ढीग म्हणजे संपत्ती, ही कल्पना इतकी रूढ होती की चार्ल्स डिकन्सच्या १८६४-६५ मधील ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीचे कथानक अशाच ढिगांच्या वारशाभोवती फिरते.

५/ प्रत्यक्षात कादंबरी येण्यापूर्वीच हा भाव उतरू लागला होता. लोकसंख्येबरोबर राखही वाढली आणि वीटभट्ट्यांच्या गरजेपेक्षा ती जास्त झाली. लंडनच्या कष्टकऱ्यांची दप्तरवार नोंद करणाऱ्या हेन्री मेह्यूने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा पालट टिपला आहे. पैसे देणारा ठेकेदार आता पॅरिशकडे पैसे मागू लागला.

६/ हा पालट केवळ हिशेबाचा नव्हता. जो कचरा विकत घेतो, त्याला प्रत्येक टोपली हवी असते. ज्याला कचरा नेण्याचे पैसे मिळतात, त्याला प्रत्येक खेप खर्चाची वाटते. मग खेपा चुकवणे, बक्षिसी मिळाल्याशिवाय न उचलणे आणि जवळात जवळच्या जागी ओतून मोकळे होणे यांतच त्याचा फायदा असतो. अशा व्यवहाराला बाहेरून बंधन हवे.

७/ ते बंधन कायद्याने आले. लंडनसाठीच्या १८९१ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने घरगुती कचरा वेळच्या वेळी हलवणे हे स्थानिक आरोग्य-प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले. व्यापारी कचऱ्याचा खर्च मात्र त्या व्यावसायिकाने सोसावा, अशी व्यवस्था झाली. घरचा कचरा ही सार्वजनिक जबाबदारी आणि धंद्याचा कचरा ही खासगी, असा भेद त्यात होता.

८/ विसाव्या शतकात कचऱ्याचे स्वरूपच बदलले. राखेची जागा रसायनांनी घेतली. फेब्रुवारी १९७२ मध्ये इंग्लंडमधील ननीटन या गावाजवळ, मुले खेळत असलेल्या एका मोकळ्या जागी सायनाइडयुक्त कचऱ्याची पिंपे टाकलेली आढळली. कोणीतरी जवळात जवळची जागा गाठली होती. देश हादरला आणि मार्चअखेर विषारी कचऱ्यासंबंधीचा कायदा संमतही झाला.

९/ १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने आणखी एक तत्त्व आणले : कचरा दुसऱ्याच्या हाती दिला म्हणून देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. २००५ मध्ये इंग्लंडमधील सामान्य घरांनाही हे लागू झाले. अडगळ नेणारा माणूस नोंदणीकृत आहे ना, याची खात्री करणे तेव्हापासून घरच्यांचेही कर्तव्य आहे.

१०/ आता आपल्याकडे येऊ. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, किलोवर रद्दी घेणारा रद्दीवाला आणि भंगारवाला हे लंडनच्या त्या जुन्या ठेकेदाराचेच सोयरे. त्यांच्या व्यवहारात पैसा किंवा वस्तू आजही आपल्याकडे येते. मात्र येथे एक मोठा फरक आहे. ज्या कचऱ्याला भाव नव्हता, तो उचलण्याचे काम जातीने लादले गेले आणि त्या श्रमाची किंमत ठरवण्याचा प्रश्नच कोणी येऊ दिला नाही.

११/ म्हणून पुण्याचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. १९९३ मध्ये तेथे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्या सभासदांत दलित स्त्रियांची संख्या मोठी. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा उचलू लागली. दरमहा शुल्क घेण्याचा हक्क आणि भंगार विकण्याची मुभा अशा दोन्ही दिशा येथे एकत्र आल्या.

१२/ तरीही काही वस्तू उरतात, ज्या कोणीच विकत घेत नाही : मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया, पाऱ्याचा फुटका थर्मामीटर, ट्यूबलाइट, बॅटरी, रंगाचे डबे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे करणे बंधनकारक केले, कारण एकत्र पिशवीतली सुई शेवटी वेचणाऱ्या हातातच घुसते. घराच्या दुरुस्तीतून निघणाऱ्या राडारोड्याची जबाबदारीही त्याच वर्षीच्या स्वतंत्र नियमांनी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली.

१३/ जुना सोफा, गादी किंवा राडारोडा नेण्यासाठी टेम्पो ठरवताना आपण एकच प्रश्न विचारतो : किती घेणार? लंडनचा इतिहास दुसरा प्रश्न विचारायला शिकवतो : नेऊन टाकणार कुठे? दर फारच कमी असेल, तर उरलेली किंमत बहुधा एखादा ओढा, नदीकाठ किंवा गावाबाहेरची मोकळी जागा चुकवत असते.

तुमच्या गावात बोहारीण अजून येते का? तिची आरोळी कशी असते? प्रतिसादात जरूर लिहा. अशा आरोळ्यांची नोंद दप्तरांत सहसा सापडत नाही.