मुळांचा माग काढणारे तंत्र

कारखान्यांजवळच्या मोरिवली गावाच्या परिसरात पडीक जागेवर वाढणाऱ्या रुईला कुणी मुद्दाम पाणी घालत नाही. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पाने तोडायची, एवढीच तिची आठवण. याच रुईची एक जात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पाण्यात ठेवून तपासली गेली. सुसान ईपेन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. द्रावणातले ९० टक्के स्ट्रॉन्शियम-९० तिने २४ तासांत काढून घेतले. सीझियम-१३७ मात्र सात दिवसांतही ४४ टक्केच. झाडाने काय उचलले हे किरणांवरून मोजण्याच्या या तंत्राची कुळी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा मूळ पुरुष आहे शिसे.

१९११ साली मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी ग्यॉर्ग द हेवेशी या तरुण हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाला शिशातून ‘रेडियम-डी’ वेगळे करायला सांगितले. कितीही खटपट केली तरी ते निघेना, कारण रेडियम-डी हे शिशाचेच किरणोत्सारी भावंड होते. हेवेशींनी या अपयशातूनच वाट काढली. जे शिशापासून सुटतच नाही, ते शिसे जाईल तिथे जाणार. मग त्याच्या किरणांवरून शिशाचा ठावठिकाणा लावता येईल. १९१३ साली व्हिएन्नात फ्रिडरिश पानेट यांच्यासोबत त्यांनी ही युक्ती रसायनात वापरली. १९२३ साली कोपनहेगनला त्यांनी बाकल्याच्या शेंगांची रोपे किरणोत्सारी शिशाच्या द्रावणात ठेवली, मग जाळली आणि राखेतले किरण मोजले. शिसे बहुतेक मुळांतच अडकले होते; खोडापानांत फार थोडे पोचले होते. सजीवाच्या शरीरात एखाद्या मूलद्रव्याचा असा माग काढण्याची ही सुरुवात. १९४३ सालचे रसायनाचे नोबेल हेवेशींना याच तंत्रासाठी मिळाले.

पुढे १९५०च्या दशकात अणुचाचण्यांची धूळ जगभरच्या कुरणांवर बसू लागली. गवतातून गाईत, दुधातून मुलांच्या हाडांत स्ट्रॉन्शियम पोचू लागले, तेव्हा झाड काय उचलते आणि का, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरला नाही. उत्तर मुळांच्या स्वभावात होते. मूळ किरण ओळखत नाही, ते रसायन ओळखते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या गोत्रातले, सीझियम पोटॅशियमच्या. म्हणून पोषणासाठी उघडलेल्या वाटांनीच ते आत शिरतात. मोरिवलीतली पालेभाजीसुद्धा रोज किरणोत्सारी अणू उचलते, कारण जगातल्या प्रत्येक मातीतल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० असतेच. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणू फुटतात. हे निसर्गाचे आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही. भीती माणसाने मातीत सोडलेल्याची.

मग झाडे लावून जमीन साफ होईल का? ट्रॉम्बेच्याच चमूने २००८ साली वाळ्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सात दिवसांत त्याने द्रावणातले ९४ टक्के स्ट्रॉन्शियम आणि ६१ टक्के सीझियम घेतले. पण हे पाण्यातले यश आहे. मातीत सीझियम चिकणमातीच्या पापुद्र्यांत असे रुतून बसते की मुळांच्या हाती फारसे लागत नाही. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातील अपघातानंतर जपानने सूर्यफुले लावून पाहिली. २०११च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या कृषी मंत्रालयाने सांगितले, की सूर्यफुलांनी जमिनीतल्या सीझियमचा दोन हजारावा भाग उचलला. वरचा मातीचा थर खरवडणेच अधिक उपयोगी ठरले. भातशेतीत पोटॅश टाकले, तेव्हा मुळांनी पोटॅशियम घेतले आणि सीझियम मागे राहिले. शिवाय शोषून भरलेले झाड स्वतःच कचरा होते. ते गुरांपुढे टाकता येत नाही, उघड्यावर जाळताही येत नाही.

म्हणून मला या तंत्राचे मोल सफाईपेक्षा शोधात अधिक वाटते. कोणते द्रव्य मुळाशी थांबते आणि कोणते पानात चढते, हे कळले तरच कोणत्या जमिनीत मुळा लावावा, कुठे माठ-पालक टाळावा, हे ठरवता येते. हेवेशींनी पहिला माग काढला तो शिशाचा, आणि शिसे हे कारखान्यांच्या वस्तीला अणुकचऱ्यापेक्षा कितीतरी जवळचे. मोरिवलीसारख्या गावात पिकणाऱ्या प्रत्येक भाजीच्या मातीची, आणि तिच्यातून भाजीत काय चढते याची, तपासणी व्हायला हवी, आणि तिचे आकडे ती भाजी खाणाऱ्यांपर्यंत पोचायला हवेत.