जहाज-प्रतिकृती
शिडाच्या लाकडी जहाजांच्या प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती तयार करण्याची कला व छंद. कण्यावर फासळ्या उभारून त्यांवर पातळ पट्ट्या बसविणे किंवा फळ्यांचे थर चिकटवून ते कोरणे, या तिच्या दोन प्रमुख पद्धती होत. इंग्लंडमध्ये नौदलाच्या जहाजांच्या अशा प्रतिकृती सतराव्या शतकापासून, बहुधा १:४८ प्रमाणात, करीत. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागाच्या प्रशिक्षणात या विषयाचा अंतर्भाव असल्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरातही ही कला पोहोचली.

मराठी आरमाराच्या अभ्यासात तिला विशेष महत्त्व आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे तुळाजी आंग्रे याचे आरमार जळाले. त्या काळची एकही गुराब आज अस्तित्वात नाही. अठराव्या शतकातील इंग्रजी वर्णनांनुसार गुराबेस दोन, क्वचित तीन डोलकाठ्या व पुढे निघालेली निमुळती नाळ असे. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची असे. गलबत क्वचितच ७० टनांपेक्षा मोठे असून ते ४० ते ५० वल्ह्यांनीही चालविता येई. उरलेला तपशील तर्काने भरावा लागतो. तो तसा स्पष्टपणे नोंदविला, तरच प्रतिकृती इतिहासाच्या अभ्यासास उपयुक्त ठरते. अन्यथा ती केवळ शोभेची वस्तू होय.